तेरा गुरुवार

यमुनाबाई : आज गुरवार नाय गो. आज कशी आलीस?

मनस्वी : गुरुवार नसला की येऊ नये का काकी? आधी हे धरा. आईनं बार्शीहून शेंगदाण्याची चटणी पाठवलीय तुमच्यासाठी. आणि हे पेढे माझ्याकडून.

यमुनाबाई : पेढे कसले? लगीन ठरला काय तुजा?

मनस्वी : तुम्हाला पेढा दिसला की लग्नच आठवतं. थिसिसचे पेढे आहेत. अजून जमा नाही केला, डिसेंबरात करायचाय. पण सरांनी काल सगळे आकडे बघितले आणि म्हणाले, मनस्वी, हे काम चांगलं झालंय. आमच्या सरांच्या तोंडून एवढं ऐकायला मुलं दोन-दोन वर्षं थांबतात.

यमुनाबाई : बरा झाला बाय. बस. पाय धू आधी.

सदू : खळ्यात कोणाचा आवाज म्हणून आलो, तर आमच्या मॅडम. वयनी, मला हाक तरी मारायचीस. बरं झालं आलीस मनस्वी, तुझी वही तयार आहे. परवा चार मिलिमीटर पडला. लिहून ठेवलाय.

मनस्वी : काका, भात कापून झालं ओ. आता मला पाऊस नको.

सदू : तुला नको, मला हवा. मुंबईत तीस वर्षं पाणी उपसायच्या पंपावर काढली. रोज सकाळी लेव्हल लिहिल्याशिवाय चहा घशाखाली उतरायचा नाही. रिटायर होऊन गावाला भावाच्या घरी आलो नि सकाळी उठून करायचं काय, तेच कळेना. तू खळ्यात तो पाऊस मोजायचा डबा लावलास, माझी ड्युटी परत चालू झाली. आता तू थिसिस दे, नाहीतर परदेशी जा, माझा डबा हलवायचा नाही.

मनस्वी : नाही हलवत. पेढा घ्या.

सदू : दोन घेतो. एक मेहनतीचा, एक म्हातारपणाचा. वयनी, तू पण घे. हातात धरून काय बसलीस?

यमुनाबाई : खाते. आधी हिला सांगू तर दे, काय झाला ता.

मनस्वी : सांगते, नीट ऐका. दोन खाचरं घेतली होती मी, आठवतं ना? एक तुमचं खालचं आणि त्याला लागून असलेलं बाबूदादांचं. माती तीच, पाऊस तोच, भाताचं बियाणंही तेच. दोन्हीकडे चार-चार नळ्या पुरल्या आणि दर गुरुवारी येऊन पाणी मोजलं, जमिनीवरचंही आणि खालचंही. तर बाबूदादांच्या खाचरात कधीही बघावं, वीतभर पाणी साचलेलं. आणि तुमच्या खाचरात, आदल्या दिवशी कितीही कोसळलेला असू दे, गुरुवारी सकाळी बोटभर. एकदा नाही काकी, तेराच्या तेरा वेळा.

सदू : तेराच्या तेरा. आमचा पंप सुद्धा एवढा रेग्युलर नव्हता.

मनस्वी : मी आधी घाबरले. म्हटलं, माझंच काहीतरी चुकतंय. नळ्या उपसून परत बसवल्या. मग शोध घेत गेले तर कारण सापडलं, तुमची मोरी. मेरेखालून, बांधाच्या पोटातून पाणी बाहेर काढणारी ती दगडी मोरी, तुमच्या यजमानांनी बांधलेली.

सदू : धोंडूदादानं. जांभ्याचा एक-एक चिरा स्वतः तासून बसवलान. चुना नाही, सिमेंट नाही. पंचवीस वर्षं झाली, दादा जाऊन आठ वर्षं झाली, पण एक दगड हललेला नाही.

मनस्वी : तेच लिहिलंय मी. त्यांचं नाव घालून लिहिलंय. 'कै. धोंडू यांनी बांधलेल्या पारंपरिक दगडी मोरीची विलक्षण निचराक्षमता.' सोमवारी सेमिनार आहे, बाहेरून तिघं जण येणार आहेत. पहिल्या पानावर तुमच्या मोरीचा फोटो.

यमुनाबाई : चाय ठेवते.

मनस्वी : चहा राहू दे. आनंद नाही झाला?

यमुनाबाई : झाला तर. ह्यांचा नाव पुस्तकात येणार. घावन घालू काय दोन? पीठ हाय भिजवलेला.

मनस्वी : गुरुवार नसताना?

यमुनाबाई : पीठ भिजवलेला असता.

सदू : ती आता भाव खाणार. तू मला सांग, नोकरीचं काय झालं?

मनस्वी : तेही झालं. नाशिककडची एक संस्था आहे, पाणलोटाची कामं करते. जानेवारीत बोलावलंय. फक्त डिसेंबरात थिसिस जमा झाल्याचं पत्र हवं.

सदू : म्हणजे सगळंच मार्गी. इथे बाबूला तर दम निघत नाही. खाली जाऊन बघ, खाचराच्या कडेला शंभरभर चिरे आणून टाकलेत. उद्या सकाळी माणसं येतायत. मेर फोडणार नि तश्शी मोरी बसवणार. वर सांगतो काय, ही मी कायम उघडी ठेवणार, मॅडमनी मोजून सांगितलंय.

मनस्वी : मीच सांगितलं त्यांना परवा फोनवर. म्हटलं, यंदा तुमचं भात पाण्यात उभं राहून खालून कुजलं, काकींच्या खाचरासारखा निचरा करा.

यमुनाबाई : कधी म्हणालाव?

सदू : काय?

यमुनाबाई : माणसं कधी येणार बाबूची?

सदू : उद्या म्हटलं ना. सकाळी आठला.

यमुनाबाई : भावोजी, जरा बसा. मनस्वी, तू पण बस. मना काय तरी सांगायचा हाय.

मनस्वी : तुम्ही पेढा खाल्ला नाहीत अजून.

यमुनाबाई : सांगून झाल्यावर दे, द्यावासा वाटला तर. ती मोरी उघडी नसते गो.

मनस्वी : म्हणजे?

यमुनाबाई : बंद असते. गोणपाटाचा बोळा करून आत कोंबलेला असतो, वरून चिखल लिंपलेला. ह्यांनी मोरी बांधली ती अंगावर येणाऱ्या पावसासाठी. मेर फुटायची वेळ आली का बोळा काढायचा, जोर ओसरला का परत घालायचा. वर्षातून दोन वेळा, लय झाला तर तीन.

मनस्वी : पण मी प्रत्येक वेळी बघितलीय काकी. उघडी होती. पाणी वाहत असायचं.

यमुनाबाई : गुरवारी बघितलीस.

मनस्वी : हो, गुरुवारीच येत होते मी.

यमुनाबाई : म्हणूनच गुरवारी उघडी असायची. मी पहाटे पाचला जाऊन बोळा काढायची. तुजी गाडी लांज्याहून येईपर्यंत साडेधा व्हायचे. तवर पाणी निघून जायचा, चिखल जरा बसायचा. तू गेलीस का मी परत कोंबायची.

सदू : वयनी.

यमुनाबाई : गप बसा जरा.

सदू : नाही, मी म्हणतो, दर गुरुवारी तू पहाटे फुलं काढायला जात होतीस.

यमुनाबाई : आल्यावर फुला पण आणायची.

मनस्वी : एक मिनिट. मला नीट समजू दे. तेराही गुरुवार?

यमुनाबाई : पयला सोडून. पयल्या गुरवारी तू पडलीस ना. त्याच्या पुढचे तेरा.

मनस्वी : पहिला मी धरलाच नव्हता. वही भिजली होती.

सदू : लोक सोळा सोमवार करतात, वयनीनं तेरा गुरवार केलान. उद्यापन तेवढं राहिलं होतं, ते आज.

मनस्वी : काका, प्लीज. काकी, मी तुम्हाला विचारलं होतं. जुलैमध्ये, इथेच पायरीवर बसून. कागदावर प्रश्नच होता, मोरी बंद करता का? तुम्ही नाही म्हणालात. मी समोर 'नाही' लिहिलं.

यमुनाबाई : म्हणाले. खोटा बोलले. हो म्हणाले असते तर तू इचारलं असतंस कधी बंद, कधी उघडी, नि मग सगळा बाहेर आला असता.

मनस्वी : मग यायला हवं होतं ना बाहेर. काकी, मी पाणी मोजायलाच येत होते.

यमुनाबाई : मना वाटला, तू नळीतला मोजतेस. जमिनीच्या खालचा. नळी तर कायम उभीच हाय, तिला काय होता? वरचा पाणी कशाला लागता हिला, असा मना वाटला. आज तू बोललीस तवा कळला, वरचा पण मोजत व्हतीस.

मनस्वी : खालचंही त्याच्याबरोबर उतरतं ओ.

यमुनाबाई : उतरत असंल. मी शिकलेली नाय.

मनस्वी : मी तणाचं एक अख्खं प्रकरण लिहिलंय. तुमच्या खाचरात बाबूदादांपेक्षा दुप्पट तण होतं. मी पंधरा पानं लिहिली, का असावं म्हणून. मातीचे नमुने पाठवले तपासायला.

यमुनाबाई : माती कशाला पाठवलीस? पाणी सुटला का तण येणारच. आठवड्याला एकदा चिखल उघडा पडायचा, उन्हाला रुजायचा. मी काढून काढून दमले.

सदू : म्हणून यंदा आपलं भात कमी भरलं? नि मला सांगितलंस, रानडुकरं येऊन गेली.

यमुनाबाई : एकदा आलीवती.

मनस्वी : काकी, का केलंत असं? मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, की पाणी काढून ठेवा म्हणून. खत वाहून गेलं असेल तुमचं. भात गेलं. आणि माझं... आता मी सोमवारी काय सांगू तिथे?

यमुनाबाई : तू पडलीस म्हणून.

मनस्वी : सगळेच पडतात. संशोधनात पडायचंच असतं.

यमुनाबाई : सगळ्यांचा मना ठाव नाय. तू गुडघ्याच्या वर रुतलीस. पाय मुरगळला. एक बूट खाली गेला तो अजून खालीच हाय. पोटरीला जळू लागलेली. वर आलीस नि माज्याकडे बघून हसलीस, काय नाय काकी, असा म्हणालीस. नि माडाच्या मागे जाऊन रडलीस.

मनस्वी : तुम्ही बघितलंत?

यमुनाबाई : मी पाण्याचा तांब्या घेऊन येत व्हते. तुज्या आईचा फोन लागलावता. तू तिला सांगितलास, मी हा गाव बदलते, रस्त्याला लागून एक खाचर हाय, तिथे उतरला का काम. हितं दोन मैल चालायचा नि वर चिखल. तांब्या घेऊन मी तशीच मागे फिरले.

मनस्वी : ते मी रागात बोलले होते.

यमुनाबाई : रागात बोललेला पण माणूस करता गो. मना वाटला, आता ही यायची नाय.

सदू : वयनी, अगं एवढंच होतं तर मला सांगायचंस. फळ्या टाकल्या असत्या खाचरात. पंपावर आम्ही चालायला फळ्याच टाकायचो.

यमुनाबाई : तुमाला सांगितला असता तर गावभर झाला असता.

सदू : ते पण खरं.

यमुनाबाई : माजा लेक विनीत गणपतीला येतो नि शिमग्याला येतो. आला का चार दिवस झोपतो. त्याचा काय चुकत नाय, दमलेला असतो. पण ही पोर आली नि मना इचारलीन, काकी, या मातीला तुमी काय म्हणता? ह्या दगडाला काय म्हणता? पाणी कुठून येता, कुठे जाता? मी जन्मभर त्या खाचरात वाकले, मना कोणी एक गोष्ट इचारलीन नव्हती. सासऱ्यानं नाय, ह्यांनी पण नाय. म्हणून काढला पाणी. दुसरा काय कारण नाय.

सदू : आता चहा ठेव तू.

मनस्वी : मी ठेवते. तुम्ही बसा काकी.

यमुनाबाई : तू पावनी हायस.

मनस्वी : मी पावणी नाही. आणि मी चिडलेय, हे लक्षात ठेवा. चहा ठेवतेय म्हणजे राग गेला असं नाही.

यमुनाबाई : नको जाऊ दे.

मनस्वी : मला सगळ्यात काय लागलं सांगू? मी आईला फोनवर सांगत होते, आई, मला आता कोकणातल्या चिखलात चालता येतं. मैत्रिणींना सांगितलं. कॉलेजात ज्युनिअर मुलींना शिकवलं, पाऊल कसं आडवं टाकायचं, टाच कशी उचलायची. आणि चिखल काकींनी वाळवून ठेवलेला.

सदू : हसू नको वयनी.

यमुनाबाई : मी नाय हसत. तुमी हसताव.

सदू : मी शेवटी एक बोलतो, मग बोलत नाही. हे कळलं कोणाला? आपल्या तिघांना. मोरी आहे, ती खरी आहे. पाणी निघालं, ते खरं. हिनं मोजलं, ते तर सगळ्यात खरं. पाऊस मी मोजलाय, त्यात एक मिलिमीटर इकडचा तिकडे नाही. बोळ्याचं कोणी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही. सोमवार होऊ दे. पोरीची नोकरी होऊ दे.

मनस्वी : काका, खरं सांगू? चहाचं पाणी ठेवताना माझ्याही मनात तेच आलं.

सदू : बघ. पोरगी प्रॅक्टिकल आहे.

यमुनाबाई : नि बाबूचा काय?

सदू : बाबूचं काय?

यमुनाबाई : त्याच्या खाचराला झरा नाय, भावोजी. माज्या खाचराला वरच्या कातळाच्या सड्यावरून झरा येता. गुरवारी सोडलेला पाणी शनवारपर्यंत परत भरता. म्हणून माजा भात वाचला. बाबूचा पाणी एकदा गेला का गेला, पाऊस येईल तवाच भरणार. श्रावणात आठ-धा दिवस ऊन पडता, भात पोटात असता, लोंबी बाहेर यायची असता. तवा मोरी उघडी असली तर गणपतीपर्यंत खाचराला भेगा पडतील. त्याच्या घरात पाच माणसं त्या एका खाचरावर जेवतात. तो मेर फोडणार उद्या नि तो हिचा ऐकून फोडणार.

मनस्वी : माझं ऐकून.

यमुनाबाई : म्हणून बोलले मी. नायतर मेले असते तरी बोलले नसते. तुज्या पेढ्याची शपथ.

मनस्वी : काका, तुम्ही बाबूदादांकडे जाल?

सदू : जातो. काय सांगू?

मनस्वी : सांगा, मेर फोडू नका. मनस्वीचं चुकलं म्हणून सांगा. मोरी घालायचीच तर घाला, पण तिला बोळा ठेवा. कधी काढायचा ते काकी सांगतील. आणि मी सरांना फोन करते.

यमुनाबाई : आत्ता?

मनस्वी : आत्ता. चहा प्यायले तर परत माझ्या मनात ते प्रॅक्टिकल येईल.

(मनस्वी फोन घेऊन खळ्याच्या टोकाला, फणसाखाली जाते. गावात रेंज तेवढ्याच जागी मिळते. चुलीवरचा चहा उतू जातो नि तो उतरवायचं कोणाला सुचत नाही.)

सदू : जातो मी बाबूकडे. तू अशी त्या फणसाकडे बघत बसू नको.

यमुनाबाई : फोन कानाला लावून उभी हाय. बोलत नाय.

सदू : समोरचा बोलत असेल.

यमुनाबाई : मोठा माणूस हाय तिचा सर?

सदू : मोठा असणार. मोठी माणसं पहिलं गप्पच बसतात. पंपावर आमचे साहेब तसेच. मोटार जळली म्हणून सांगितलं की आधी पाच मिनिटं चष्मा पुसायचे.

यमुनाबाई : मी तिचा वाईट केला भावोजी.

सदू : केलंस.

यमुनाबाई : तुमी नाय म्हणाल असा वाटला मना.

सदू : म्हटलं असतं. पण मी तीस वर्षं लेव्हल लिहिलीय. एकदा एकानं रात्रपाळीला झोपून सगळ्या रात्रीचे आकडे मनाने भरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी झोपडपट्टीत कमरेइतकं पाणी. तो काय वाईट माणूस नव्हता, झोप लागली बिचाऱ्याला. पण पाण्याला काय कळतं? मघाशी मी तुला गप्प राहायला सांगितलं, ते चुकलं माझं. तू बोललीस ते बरं केलंस. दादा असता तर त्यानं पण हेच सांगितलान असतं.

यमुनाबाई : ह्यांनी मना शिव्या घातल्या असत्या. मोरीचा बोळा दर आठवड्याला काढते म्हणून.

सदू : त्या आधी घातल्या असत्या, मग हे सांगितलान असतं. आली बघ. मी निघतो, आल्यावर सांग मला.

मनस्वी : थांबा काका, तुम्ही पण ऐकून जा.

सदू : काय म्हणाले?

मनस्वी : आधी काहीच नाही. मग एकच प्रश्न विचारला, पाणी किती वाजता सोडायच्या?

यमुनाबाई : पाचला. लय पाऊस असला तर साडेपाच.

मनस्वी : मी पाच सांगितलं. मग म्हणाले, दोन वाटा आहेत. एक, काकींचं खाचर थिसिसमधून पूर्ण गाळून टाक. बाबूदादांचं एकट्याचं खाचर घेऊन लहान थिसिस होईल, डिसेंबरात देता येईल. पास करतील, पण त्यात सांगण्यासारखं काही उरणार नाही. दुसरी वाट, पुढच्या पावसाळ्यात परत पहिल्यापासून.

सदू : मग गाळ. सोपं आहे. जानेवारीत नोकरी.

यमुनाबाई : गाळ गो बाय. मना काय वाटणार नाय. ह्यांचा फोटो नको, नाव नको, काय नको. तू तुज्या नोकरीवर जा.

मनस्वी : सरांनाही वाटलं मी गाळेनच. मी म्हटलं, विचार करून सांगते. आणि फणसाखालून इथे येईपर्यंत विचार केला.

यमुनाबाई : एवढ्यात?

मनस्वी : काकी, आमच्या बार्शीला पाणी धरून ठेवायचं एवढंच आम्हाला माहीत. इथे आले तर पाणी एवढं, की घालवायचं कसं हाच प्रश्न. मी पुस्तकात शिकले, एक तर धरा, नाहीतर सोडा. आणि तुम्ही आज चहाच्या आधी मला सांगितलंत की झरा असेल त्याचं वेगळं, नसेल त्याचं वेगळं, बोळा कधी काढायचा नि कधी घालायचा. मला हेच तर शोधायचं होतं. मी नळ्या पुरत बसले आणि तुम्हाला कोणता प्रश्न विचारायचा तेच मला कळलं नाही. तुमचं खाचर गाळलं तर माझ्याकडे राहील काय?

सदू : नि नाशिक?

मनस्वी : कळवते त्यांना. वर्षभर थांबले तर बरं. नाही थांबले तर रडेन थोडी. माडाच्या मागे नाही, इथेच पायरीवर.

यमुनाबाई : असा नको करू. एक वर्ष माज्यापायी?

मनस्वी : तुमच्यापायी नाही, माझ्या कामापायी. आणि अर्धं तुमच्यापायी. माझ्या बाबांना सांगायला तेवढी मदत करा, ते तुमचं ऐकतील. पण सरांची एक अट आहे. कुठलीही वाट घेतली तरी यंदा जे झालं ते जसंच्या तसं लिहायचं, एका पानावर, सोमवारी सेमिनारमध्ये तेच सांगायचं आणि थिसिसला जोडायचं. फोनवर बोलता-बोलताच मी पहिल्या दोन ओळी सांगितल्या त्यांना.

सदू : सांग की.

मनस्वी : 'शेतकरी महिलेने तेरा गुरुवारी, मोजणीच्या अंदाजे साडेपाच तास आधी, मोरी उघडून खाचरातील पाणी सोडले. कारण : संशोधक विद्यार्थिनी चिखलात पडू नये.'

सदू : असंच लिहिणार?

मनस्वी : मी सरांना म्हटलं, कारण खोडू का? मग म्हणाले, राहू दे. कारण लिहिल्याशिवाय निरीक्षण पुरं होत नाही.

सदू : तुझे सर बरे आहेत. चष्मा पुसत असणार नक्की. जातो मी. बाबूचे चिरे आले तसे पडून राहतील आता, माझ्या नावाने बोंबलेल तो. वयनी, माझा घावन झाकून ठेव.

यमुनाबाई : चाय उतू गेला सगळा.

मनस्वी : जाऊ दे. दुसरा ठेवू. आता पेढा घ्या. हातात पार मऊ झाला तो, दुसरा घ्या.

यमुनाबाई : हाच घेते. तुजा राग गेला?

मनस्वी : थोडा आहे. जाईल मार्गशीर्षापर्यंत. काकी, पुढच्या वर्षी मात्र गुरुवार ठरलेला नाही हां. मी कुठल्याही वारी येईन. न सांगता.

यमुनाबाई : ये. पीठ रोज भिजवीन.

मनस्वी : आणि बोळा काढायचा नाही. मी सांगेन तेव्हाच, नाहीतर तुम्हाला खरंच गरज वाटेल तेव्हा. आणि काढलात की मला सांगायचं.

यमुनाबाई : नाय काढणार. ह्यांच्या मोरीची आन.

मनस्वी : पाणी पोटरीभर असलं तरी.

यमुनाबाई : कमरेएवढा असला तरी.

मनस्वी : आणि मी पडले तर?

यमुनाबाई : पडशीलच, बाय. तुला कुठे चालता येता. मी सुका लुगडा घेऊन मेरेवर बसते.